कुत्र्याचा धनी

आपली दिवाळी सुरू होते ती गाय-वासराच्या पूजेने. नेपाळात हाच सण तिहार म्हणून साजरा करतात आणि तेथे त्यातला एक अख्खा दिवस कुत्र्याचा असतो. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात गोडधोड. घरचे असो की रस्त्यावरचे, त्या दिवशी सगळी कुत्री मानकरी. आपल्याकडे नरकचतुर्दशीची पहाट कुत्र्यांना कशी जाते हे ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला विचारावे. पहिला बार उडाला की कोणी खाटेखाली शिरते, कोणी साखळी तोडून वाट फुटेल तिकडे धावत सुटते.

ज्या कुत्र्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो तो दिवाळीतच नाहीसा झाला. पण तो फटाक्यांना भिऊन पळाला नव्हता. त्याला चांगल्या माणसांनी वाचवून नेले होते.

लोणावळ्याहून भुशीच्या धरणाकडे जाणारा रस्ता पुढे नौदलाच्या ‘शिवाजी’ या शिक्षणकेंद्रावरून कुरवंडे गावात जातो. गावाच्या पलीकडे सह्याद्री एकदम तुटतो. त्या कड्याचे पुढे आलेले नाक म्हणजे नागफणी. साहेबाने तिला वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकाची उपमा दिली आणि दुर्दैवाने तीच चालू राहिली. इतिहासाच्या वाचकांना हे गाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. शायिस्ताखानाने कोकणात पाठविलेला कारतलबखान लोहगडाच्या बाजूने येऊन याच कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी पायथ्याजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. खानाबरोबर रायबाघन होती. तिच्या सल्ल्याने तो शरण आला म्हणून जीव वाचला. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त हा प्रसंग मोठ्या रंगाने वर्णिला आहे. घाटवाटांचा अभ्यास हे माझ्या निवृत्तीनंतरचे व्यसन. त्या व्यसनापायी मी वर्षातले दोन-तीन महिने कुरवंड्यात एक खोली घेऊन राहतो. गावाने मला ‘मास्तर’ करून टाकले आहे.

माझ्या खोलीमागे एक म्हातारी राहते. चार-पाच शेळ्या, परसात कोंबड्या आणि वाघ्या नावाचा एक तांबूस कुत्रा, एवढाच तिचा संसार. मुलगा कामानिमित्त खालापुराकडे असतो. वाघ्या दिवसा गावभर हिंडे, नागफणीवर जाणाऱ्या पोरांच्या मागे कड्यापर्यंत जाई, त्यांच्या डब्यातली पोळी खाई आणि संध्याकाळी शेळ्या गोठ्यात शिरायच्या वेळी घड्याळ लावल्यासारखा दारात हजर होई. रात्री गोठ्याच्या तोंडाशी झोपे. या भागात बिबट्या फिरतो. वाघ्या भुंकला की म्हातारी आतून डबा बडवी. एवढ्या बंदोबस्तावर तिच्या शेळ्या सुरक्षित होत्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली.

“मास्तर, आमचा वाघ्या कुटं दिसला का वो?”

नव्हता दिसला. दोन दिवस आम्ही ओढ्याकाठी, कड्याच्या वाटेला, पार घाटाच्या तोंडापर्यंत हाका मारीत फिरलो. बिबट्याने नेला असे गावाने ठरवून टाकले. म्हातारीने ते मान्य केले नाही. “रगत कुटं हाय मग?” एवढाच तिचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. तिसऱ्या दिवशी नागफणीच्या वाटेवर सरबत विकणारा पोरगा सहज बोलून गेला, की वाघ्याला पाडव्यालाच मोटारीतून नेले. शहरातली चार-पाच तरुण मुले होती. कुत्रा दिवसभर त्यांच्या मागे होता, पायात काटा मोडून लंगडत होता. “बिचारं हरवलंय” असे म्हणत त्यांनी त्याला उचलून गाडीत घातले आणि लोणावळ्याच्या बाजूला गेली.

लोणावळ्यात भटक्या आणि जखमी कुत्र्यांची देखभाल करणारी काही मंडळी आहेत. त्यांच्यापैकी एकांचा पत्ता मिळवून मी गेलो. पत्र्याची शेड, ओळीने पिंजरे, फिनेलचा वास आणि वीस-पंचवीस कुत्र्यांचा एकच कल्लोळ. जो तरुण भेटला तो सौजन्याने बोलला. वही काढली. पाडव्याच्या तारखेला नोंद होती: नर, देशी, रंग तांबूस, उजव्या पुढच्या पायात जखम. पट्टा: नाही. धनी: नाही. आणि त्यापुढे दुसऱ्या शाईत आणखी एक ओळ होती. त्याला ठाण्याच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले होते.

“तुम्ही धन्याचा शोध घेता की नाही?” मी विचारले. माझा आवाज थोडा चढला असावा.

“घेतो की, काका,” तो म्हणाला आणि त्याने सगळी पद्धत सांगितली. गळ्यात पट्टा असला तर त्यावरचे नाव, नंबर पाहतात. कातडीखाली चिप बसविली आहे का ते जनावरांच्या डॉक्टरकडून तपासून घेतात. फोटो काढून मोबाइलवरून चहूकडे पाठवितात. बंगल्यांच्या राखणदारांना विचारतात, पोलीसचौकीत कळवितात. कोणी धनी म्हणून पुढे आला तर फोटोत न दिसणारी एखादी खूण त्याला सांगायला लावतात. कारण उंची जातीच्या कुत्र्याला भलतेच धनी फार लवकर भेटतात. हे सगळे ऐकून मला त्या पोरांविषयी आदरच वाटला.

“आणि पट्टा नसला तर?”

“मग ते रस्त्यावरचंच की.”

मुंबईच्या इतिहासात हेच वाक्य एकदा सरकारने उच्चारले होते आणि त्यापायी शहर दोन दिवस बंद पडले होते. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

मुंबई बेटावर भटकी कुत्री फार झाली म्हणून १८१३ पासून कंपनी सरकारने त्यांना ठार मारण्याचा नियम केला होता. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खोटे नव्हते. पाश्चरने पहिल्या माणसाला लस टोचली ती १८८५ साली, म्हणजे तेव्हा कुत्रे चावून रोग जडला की मरण ठरलेले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या शेवटी असे वर्षातले ठराविक दिवस मोहीम चाले. १८३२ साली उन्हाळ्यातली मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. अर्धा रुपया ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. जेथे डोक्यामागे पैसे मिळतात तेथे भटके कोणते आणि पाळीव कोणते याची चौकशी कोण करीत बसणार? कुत्रे धरणारे ओट्यांवर चढू लागले, अंगणात शिरू लागले, घरात बसलेली कुत्री ओढून नेऊ लागले.

कोटातली वस्ती मोठ्या प्रमाणावर पारशांची. त्यांच्या धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. प्रेताला कुत्र्याची दृष्टी पडावी हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग. ही कुत्री कोणा एकाच्या दावणीला बांधलेली नसत. सकाळी या घरची भाकरी, दुपारी त्या घरची, रात्री तिसऱ्याच्या ओट्यावर निजणे. सरकारच्या लेखी ती बेवारशी, आळीच्या लेखी ती आळीची. ६ जून १८३२ हा पारशांच्या पवित्र दिवसांपैकी एक. त्या दिवशी कुत्री मारताना पाहून सुमारे दोनशे पारशांचा जमाव दोन युरोपीय शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात मिळाले. किल्ल्यातल्या फौजेचे खाणेपिणे अडविण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा सैन्य बाहेर काढून धरपकड करण्यात आली. पुढे पुढाऱ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावे अशी तडजोड निघाली.

या दंग्याकडे आपले इतिहासकार बहुधा गमतीने पाहतात. ‘कुत्र्यांचा दंगा’ हे नावच तसे आहे. मला मात्र तो मालकीहक्काचा दंगा वाटतो. धनी म्हणजे कोण, हा त्यातला मुद्दा होता. पट्टा बांधणारा एक माणूस, की भाकरी घालणारी दहा घरे?

दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वराजवळ पांजरपोळ काढली. कुत्री मारली जाऊ नयेत हाच तिच्या उभारणीमागचा तातडीचा हेतू होता. गुरे नंतर वाढली. ती अजून तेथे आहे आणि गर्दीतून वाट काढीत आत गेलात तर एकदम शेणाचा आणि गवताचा वास येऊन आपण मुंबईत आहोत की मावळात, असा भ्रम होतो. पण पांजरपोळीची कल्पना नीट ध्यानात घ्यावी. ती आश्रयाची जागा. आत आलेले जनावर मरेपर्यंत पोसायचे. त्याला शोधीत कोणी येईल, त्याला घरी परत पाठवायचे आहे, हा विचार तिच्या मुळाशी नाही.

तो विचार लंडनमध्ये निघाला. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या एका बाईने हॉलोवे भागात कुत्र्यांसाठी घर काढले. नाव ठेवले, ‘हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर’. नावातले दोन शब्द महत्त्वाचे: ‘हरवलेल्या’ आणि ‘तात्पुरते’. वर्तमानपत्रांनी तिची पुष्कळ टिंगल केली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांना घरे कसली, असा नेहमीचा सवाल. पुढे १८७१ साली हे घर बॅटर्सीला गेले आणि त्याच नावाने जगभर प्रसिद्ध झाले. मधल्या काळात १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना रस्त्यावरचे मोकाट कुत्रे धरण्याचा अधिकार मिळाला होता. पट्ट्यावर पत्ता असेल तर धन्याला पत्र जाई. तीन दिवस वाट पाहत. तीन दिवसांत धनी आला नाही तर विक्री, नाही तर मरण. आज इंग्लंडात ती मुदत सात दिवसांची आहे आणि एप्रिल २०१६ पासून प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसविणे सक्तीचे झाले आहे.

त्या व्यवस्थेत कुत्र्याचे दोनच प्रकार असतात. एक, ज्याचा धनी सापडला. दुसरा, ज्याचा सापडला नाही. आळीचे कुत्रे नावाचा तिसरा प्रकार लंडनला ठाऊक नव्हता.

आता आपल्याकडचे पाहा. हरवलेली वस्तू धन्याला परत करण्याचा विचार आपल्याला नवा मुळीच नाही. धनी न सापडलेला माल राजाने तीन वर्षे सांभाळून ठेवावा असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्याने तर हरवलेली जनावरे परत नेताना धन्याने राजाला काय द्यावे याचे दरपत्रकच दिले आहे. घोड्यासारख्या एकखुरी जनावराला चार पण. म्हैस, उंट, गाय यांना दोन दोन. शेळी-मेंढीला पाव पण. माणूस हरवला तर पाच! (दासांचा तो काळ होता हे विसरून चालणार नाही.) उंटापासून शेळीपर्यंत सगळे आले. कुत्रा नाही.

ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. वाघ्या हरवला तेव्हा आली. आणि मग मला कोंडवाडा आठवला.

माझ्या पिढीच्या खेड्यातल्या वाचकांना कोंडवाडा सांगायला नको. गावकुसाजवळची दगडी भिंत, लाकडी फाटक, आत चिखलात उभी राहिलेली दुसऱ्याच्या शेतात घुसलेली गुरे, आणि बाहेर दंडाचे पैसे कमी करून घेण्यासाठी हुज्जत घालणारे धनी. या संस्थेच्या मुळाशी १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे. तो वाचावा, मनोरंजक आहे. जनावर कोंडवाड्यात आल्यापासून सात दिवसांत धनी आला नाही, तर कोंडवाड्याच्या रखवालदाराने पोलिसांना कळवायचे. त्यांनी जनावरांची संख्या, वर्णन आणि ती कोठे सापडली हे लिहून नोटीस लावायची. शिवाय जेथे जनावर धरले त्याच्या जवळच्या गावात आणि बाजारात ढोल वाजवून दवंडी द्यायची. त्यावर आणखी सात दिवस वाट पाहायची. मगच लिलाव. जी सरकारे प्रजेचे फार ऐकत नव्हती त्यांनीही गरिबाचे वासरू विकण्यापूर्वी त्याच्या कानावर ढोल जाईल अशी तजवीज केली होती. दवंडी त्याच गावात द्यायची, हे त्यातले मर्म. कारण ज्याचे जनावर हरवले तो वाचता येणारा असेल असे गृहीत धरलेले नाही.

त्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत हत्ती येतो. उंट, म्हैस, घोडा, खेचर, गाढव येते. मेंढरू, करडू येते. डुक्करसुद्धा येते. कुत्रा तेथेही नाही.

याचे कारण उघड आहे. कुत्रा पीक खात नाही आणि बाजारात विकला जात नाही. ज्याची किंमत होत नाही त्याच्या परतीची तजवीज कायदा करीत नाही. आपल्या नगरपालिकांच्या कायद्यांत कुत्रा आला, पण उपद्रव म्हणून आला. गळ्यात पट्टा किंवा मालकीची काही खूण नसलेले, रस्त्यावर हिंडणारे कुत्रे नष्ट करावे, असा त्या जुन्या कलमांचा रोख. खंडोबाच्या पायाशी बसणारा, दत्ताच्या भोवती चार वेदांचे रूप घेऊन उभा राहणारा हा प्राणी कायद्याच्या पुस्तकात मात्र पट्ट्याने ओळखला गेला. आणि आमच्या खेड्यात कुत्र्याला पट्टा बांधतो कोण?

पुढे काळ बदलला. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था निघाली; परळच्या बाई साकरबाई पेटिट इस्पितळात लंगडी-लुळी जनावरे येऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये म्हणजे काही तरी होते.

हा दंड मला त्या लोणावळ्याच्या तरुणानेच सांगितला, आणि का सांगितला तेही ऐकण्यासारखे आहे. पट्टा असलेल्या कुत्र्यांचे धनी शोधताना त्याला काय अनुभव येतात ते तो बोलला. सुटीत बंगला भाड्याने घेऊन लोक येतात, बरोबर कुत्रा आणतात, जाताना विसरतात. विसरतात हा त्याचा शब्द. त्याने तो कडवटपणे उच्चारला. म्हातारा झालेला, खाज सुटलेला, बाळंतीण घरात आल्यामुळे नकोसा झालेला कुत्रा मुंबईत सोडला तर माग काढीत परत यायचा, म्हणून लोणावळा. एकदा पट्ट्यावरच्या नंबरावर त्याने फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, “आमचा कुत्रा कधीच नव्हता.” तेव्हा मागून लहान मूल कुत्र्याचे नाव घेऊन विचारीत होते, की तो सापडला का.

अशा दहा अनुभवांनंतर अकराव्या कुत्र्याचा धनी शोधण्याची हौस कमी झाली तर मी त्याला दोष देणार नाही. परतीचा शोध घेताना आपण कुत्र्याला घरी पोचवीत आहोत, की त्याला टाकून देणाऱ्याच्याच हाती पुन्हा देत आहोत, हे आधी कळत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न २००५ साली फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. माणसांना न्यायला आलेल्या गाड्यांतून कुत्र्यामांजरांना न्यायला परवानगी नव्हती. हजारो प्राणी मागे राहिले. नंतर स्वयंसेवकांनी नावांतून जाऊन ते वाचविले आणि देशभरच्या संस्थांकडे पाठविले. तेथे नवी माणसे त्यांना घरी घेऊन गेली. काही महिन्यांनी जुने धनी, ज्यांची स्वतःची घरे वाहून गेली होती, कुत्र्यांचा माग काढीत दारात उभे राहिले. काहींनी कुत्री परत दिली. काहींनी दिली नाहीत. ज्यांनी त्याला पुरात सोडले त्यांचा हक्क कसला, असे त्यांचे म्हणणे. प्रकरणे कोर्टात गेली. दुसऱ्याच वर्षी, २००६ साली, संकटात माणसांबरोबर पाळीव प्राण्यांनाही हलविण्याची योजना करावी असा कायदा तेथे झाला. वाचविणारे चांगले, ठेवून घेणारे चांगले, हरवलेलेही चांगले. आणि तरी भांडण. सगळीच माणसे चांगली असली की न्याय करणे अवघड होते.

परतीच्या बसमध्ये मी या गोष्टींचा विचार करीत होतो, तेव्हा एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. २००१ साली केंद्र सरकारने रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी नियम केले; २०२३ साली ते नव्याने काढले. त्यांचे सार असे की कुत्र्याला मारायचे नाही. धरून न्यायचे, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जेथून उचलले तेथेच परत आणून सोडायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी ११ तारखेला दिल्लीतली कुत्री कायमची निवाऱ्यात ठेवण्याचा हुकूम दिला आणि २२ तारखेला तो बदलून, पिसाळलेली आणि चावरी सोडून बाकीची परत त्याच जागी सोडावीत असे सांगितले. म्हणजे १८३२ च्या पारशांना जे म्हणायचे होते ते पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी आपल्या नियमांत आले. कुत्र्याला माणूस धनी नसेल, पण जागा धनी आहे. त्याला जागेला परत करा.

आता वाघ्याचे पाहा. त्याला ‘भटका’ म्हणून धरले असते तर नियमाप्रमाणे आठ-दहा दिवसांत तो कुरवंड्यात परत आला असता. त्या सद्‌भावी पोरांनी त्याला ‘हरवलेला’ म्हटले, म्हणून तो हरवला.

आणि त्याचा फोटोही सगळीकडे फिरला होता. मुंबईत फिरला, पुण्यात फिरला, ठाण्यात एका मुलीने तो पाहिला आणि आईजवळ हट्ट धरला. फक्त कुरवंड्यात तो कोणी पाहिला नाही. म्हातारीकडे मोबाइल नाही. जेथे जनावर धरले त्या गावात ढोल वाजवा, हे १८७१ च्या साहेबाला सुचले होते.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लोणावळ्याला गेलो, या वेळी म्हातारीला बरोबर घेऊन. हे मी आधीच करायला हवे होते. तिने शेडमध्ये शिरल्या शिरल्या सगळे पिंजरे पाहिले, वाघ्या नाही अशी खात्री करून घेतली आणि त्या तरुणासमोर जाऊन बसली.

“बाबा, तू चांगलं क्येलंस. पायातला काटा काडलास. आता दे माझा कुत्रा.”

“आजी, त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता.”

“शेरडांच्या तरी गळ्यात कुटं हाय?”

त्याने फोटोत न दिसणारी खूण विचारली नाही, तिनेच सांगितली. डाव्या कानामागे तीळ, पोटावर लहानपणी चुलीचे निखारे पडल्याचा डाग. त्याने ठाण्याला फोन लावला. पलीकडे खूण पटली, पण रडारड झालेली मला एवढ्या लांबून ऐकू आली. त्या कुटुंबाने चार दिवस मागितले, मग आणखी आठ. मला वाटले, आता हे प्रकरण कतरिनाच्या वाटेने जाणार. त्या तरुणाला मात्र ते लागले असावे. मधल्या काळात तो दोनदा कुरवंड्याला आला, गावातली कुत्री कोणाकोणाची आहेत ते घरोघर विचारून वहीत लिहून घेऊन गेला. ज्या कुत्र्याला तीन घरांनी आपले म्हटले त्याच्यापुढे त्याने तिन्ही नावे घातली. त्याच्या वहीत आता एक नवा रकाना आहे: ‘गावात विचारले का?’

मार्गशीर्षात एका रविवारी ठाण्याची मोटार आली. आई, वडील आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. वाघ्या उतरला. तो लठ्ठ झाला होता. अंगाला साबणाचा वास, गळ्यात लाल पट्टा आणि पट्ट्याला पितळेचा बिल्ला. म्हातारीला पाहून त्याने उड्या वगैरे मारल्या नाहीत. तो आधी गोठ्यात गेला, शेळ्या हुंगून मोजल्यासारखे केले आणि मग येऊन तिच्या पायावर बसला. मुलगी मोटारीला टेकून उभी होती. म्हातारी तिच्याजवळ गेली. “सुट्टीला ये. ह्यो इथंच हाय,” म्हणाली आणि तिला कोंबडीची पिल्ले दाखवायला घेऊन गेली.

निघताना तिने पदरातून चार अंडी काढून त्या तरुणापुढे धरली. तो घेईना. मी मध्ये पडलो आणि मास्तरकीच्या सवयीने याज्ञवल्क्याची यादी सांगितली: घोड्याला इतके, म्हशीला इतके, शेळीला पाव पण, कुत्र्याला काहीच द्यावे लागत नाही.

“मग त्या बाबानं शेरडं कवा राखली न्हाईत,” म्हातारी म्हणाली. अंडी तिने त्याच्या पिशवीत ठेवली.

वाघ्याला पुन्हा बाहेर निजायची सवय लागायला आठवडा गेला. पट्टा तिने काढला नाही. आता कोणी उचलून नेणार नाही, असे तिचे म्हणणे. बिल्ल्यावरचा फोन नंबर अर्थातच ठाण्याचा आहे. गेल्या पावसाळ्यात नागफणीवरून दोनदा त्या नंबरावर फोन गेला, की तुमचा कुत्रा कड्यावर सापडला आहे, घाबरू नका, आम्ही त्याला घेऊन येतो. दोन्ही वेळा ठाण्याच्या बाईंनी सांगितले, की तो हरवलेला नाही. त्याला थोडी पोळी द्या आणि तेथेच सोडा, शेळ्या यायच्या वेळेला तो घरी जाईल.